नाडी कोणत्या हाताची?

जुन्या नाडीपरीक्षेच्या ग्रंथांत असा एक नियम आढळतो कीं, पुरुषाची नाडी उजव्या हाताची पाहावी आणि स्त्रीची डाव्या हाताची. ह्या नियमांत शास्त्रीय सत्य किती, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी त्यावरून एक गोष्ट उघड होते. समोरचा रोगी स्त्री आहे कीं पुरुष, ह्याची दखल घेतल्यावांचून चिकित्सेस आरंभ करूं नये, इतकें त्या वैद्यांस कळत होतें. चरकसंहितेंत योनिव्यापदांचे वीस प्रकार सांगितले आहेत. परंतु आयुर्वेदाचीं जीं आठ अंगें, त्यांत स्त्रीरोगांचें असें स्वतंत्र अंग नाहीं. गर्भिणी आणि बाळंतीण ह्यांचा विचार कौमारभृत्यांत, म्हणजे बालकांच्या चिकित्सेच्या जोडीनें होत असे. स्त्रीच्या शरीराकडे अपत्याच्या वाटेनें पाहण्याची ही रीत पुढें पाश्चात्य वैद्यकानेंही फारशी सोडली नाहीं.

गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रापुढें ह्या बाबतींत दोन प्रश्न उभे राहिले. स्त्रीला कोणीं तपासावें, हा पहिला. आणि स्त्रीच्या शरीरास माप कोणतें लावावें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कष्टानें मिळालें. तें मिळतांच दुसराही प्रश्न मिटला अशी समजूत झाली, आणि तो मात्र जेथल्या तेथें राहिला. ही समजूत कशी झाली आणि तिची किंमत कोणास द्यावी लागली, हें समजून घेणें आजही अगत्याचें आहे.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग श्रोत्यांना ठाऊकच आहे. पुण्याहून निघून सासवड, जेजुरी, वाल्हें, लोणंद, तरडगांव, फलटण, बरड असे मुक्काम करीत ती धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यांत शिरते, आणि जिल्ह्यांतील तिचा पहिला मुक्काम माळशिरस तालुक्यांतील नातेपुतें ह्या गांवीं होतो. पुढें माळशिरस, वेळापूर, भंडीशेगांव, वाखरी हीं ठिकाणें मागें टाकल्यावर पंढरपूर येतें. एका अंगास पुणें, दुसऱ्या अंगास सोलापूर, आणि दोहोंकडे लांबचा पल्ला, अशा ह्या गांवाच्या वेशींत उभें राहून वैद्यकाच्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे तो कांहींसा निराळा दिसूं लागतो. मुंबईंत स्त्रियांचें रुग्णालय कोणत्या सालीं उघडलें, हें पुस्तकांत सांपडतें. तें उघडल्यानें नातेपुत्यासारख्या गांवच्या बाईला काय मिळालें, हा प्रश्न पुस्तकांत सहसा विचारलेला नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारी दवाखाने ठिकठिकाणीं निघूं लागले होते. त्यांतील डॉक्टर पुरुष, कंपाउंडर पुरुष, आणि बाकावर बसलेले रोगीही बहुधा पुरुषच. घरंदाज स्त्री परपुरुषासमोर येत नसे. आली तरी आपल्या दुखण्याचें नांव घेत नसे. डॉक्टरास घरीं बोलावलेंच, तर पडद्याआडून हात तेवढा पुढें होई, आणि प्रश्नांचीं उत्तरें नवरा किंवा सासू देई. शेतांत राबणाऱ्या स्त्रीला पडदा नव्हता. पण लाज होती, आणि मजुरी बुडवून दवाखान्याची वाट धरण्याची सवड नव्हती. राहतां राहिली सुईण. तिच्या हातास अनुभव होता. परंतु मूल आडवें आलें, किंवा रक्तस्राव थांबेनासा झाला, म्हणजे तिच्यापाशीं उपाय उरत नसे. दवाखाना गांवांत असूनही निम्म्या गांवाला तो नसल्यासारखाच होता.

ह्या स्थितीला पहिली जाहीर वाचा १८८२ सालीं फुटली. त्या वर्षीं हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढें पुण्यास पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. स्त्रियांना शिक्षिका हव्यात, ही त्यांची एक मागणी होती. आणि स्त्रियांना वैद्यकाचें शिक्षण द्यावें, ही दुसरी. त्याच वर्षीं मुंबईंत जॉर्ज किटरेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक ह्यांनीं हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठीं निधि उभारला. विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणाव्या, स्त्रियांसाठीं स्वतंत्र रुग्णालय बांधावें, आणि येथल्या मुलींना वैद्यकाचें शिक्षण मिळावें, असा त्यांचा संकल्प होता. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांनीं रुग्णालयासाठीं लाखाच्या वर रुपये दिले. १८८३ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेजाचें दार मुलींना उघडलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डॉ. एडिथ पीची मुंबईस उतरल्या. १८६९ सालीं एडिंबरो विद्यापीठांत प्रवेशासाठीं झगडलेल्या स्त्रियांपैकीं ह्या एक. १८८६ सालीं कामा रुग्णालय सुरू झालें. तेथील सर्व कारभार स्त्री-डॉक्टरांच्याच हातीं राहावा, हा त्याचा मूळ हेतु होता.

ह्याच वर्षांत आनंदीबाई जोशी ह्यांची कथा घडली. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांना झालेलें मूल दहा दिवसांत गेलें, आणि त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय उपजला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथें केलेल्या भाषणांत, परदेशीं जाण्याचें कारण त्यांनीं स्पष्ट सांगितलें : ह्या देशांत स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, आणि ती भागविण्यास आपण पुढें येत आहों. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. पदवीसाठीं त्यांनीं लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र ह्या विषयावर होता. कोल्हापूर संस्थाननें आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभाग त्यांच्या हवालीं करण्याचें ठरविलें होतें. परंतु तेथें रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरें नव्हतें. त्यांच्या मागोमाग रखमाबाई विलायतेस गेल्या. नको असलेल्या नवऱ्याकडे नांदण्यास न्यायालयांत नकार देऊन ज्यांनीं सारा देश हलविला, त्याच ह्या रखमाबाई. १८९४ सालीं शिक्षण पुरें करून त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांची शुश्रूषा केली.

मुंबईपलीकडे हें काम पोंचविण्याचा यत्न १८८५ सालीं लेडी डफरीन ह्यांच्या निधीनें केला. देशांत ठिकठिकाणीं स्त्रियांचे दवाखाने निघाले. सोलापुरांत आजही डफरीन चौक आहे, आणि त्याच नांवाचें प्रसूतिगृह नगरपालिकेनें पुढें चालविलें. ह्या नांवांतच त्या काळच्या विचाराची खूण सांपडते. स्त्रियांसाठीं वेगळें रुग्णालय म्हणजे प्रसूतिगृह, हें समीकरण लोकांच्या मनांत इतकें पक्कें झालें कीं, स्त्रीला ताप येतो, क्षय होतो, हृदयाचें दुखणें जडतें, हें जणूं निराळें प्रकरण ठरलें. किंबहुना बाळंतपणाचीही सोय सर्व स्त्रियांना सारखी नव्हती. नातेपुत्याहून पालखी ज्या पंढरपुरास जाते, तेथें १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकारानें बालहत्याप्रतिबंधक गृह निघालें. गरोदर राहिलेल्या विधवेस गुप्तपणें बाळंत होतां यावें आणि मुलाचा जीव वांचावा, एवढ्यासाठीं वेगळी संस्था काढावी लागली. सधवेस जें घर होतें, तें विधवेस नव्हतें. स्त्रीदेहाची एकच अवस्था, आणि समाजाच्या लेखीं तिचे दोन भाव!

स्त्रीला कोणीं तपासावें, ह्या प्रश्नाचें गांभीर्य सरकारास मात्र पुढें दहा वर्षांनीं, फार कडू रीतीनें, कळून आलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला. आणि पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांच्या हातीं प्लेगचा बंदोबस्त गेला. ह्या रोगांत गांठ येते ती जांघेंत, काखेंत किंवा मानेला. म्हणजे रोग ओळखावयाचा तर नेमकें तेंच अंग पाहणें आलें, जें दाखविणें स्त्रीला मरणाहून कठीण वाटे. घरोघर झडती घेण्यास आलीं तीं सैनिकांचीं पथकें. रोग आटोक्यांत आणण्याचा उद्देश वावगा नव्हता, आणि गांठ पाहणेंही आवश्यकच होतें. परंतु ती कोणीं पाहावी आणि कोणत्या रीतीनें पाहावी, ह्याचा पुरेसा विचार आधीं झाला नव्हता. लोकांच्या संतापाचें हें एक मोठें कारण ठरलें. त्या वर्षाच्या मे महिन्यांत पंडिता रमाबाईंनींही मुंबईच्या एका वर्तमानपत्रांत पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीर तक्रार केली. २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं रँड ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. राजकीय इतिहासांत ही तारीख सर्वांस पाठ असते. वैद्यकाच्या इतिहासांतही तिला स्थान आहे. कारण रोग्याच्या संकोचास गौण लेखणारी चिकित्सा, ती कितीही शास्त्रशुद्ध असो, लोक स्वीकारीत नाहींत. ते रोगी लपवितात, आणि लपविलेल्या रोग्यापासून साथ आणखी फैलावते.

येथपर्यंत पहिल्या प्रश्नाचा इतिहास झाला. आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं.

स्त्री-डॉक्टर आल्या, स्त्रियांचीं रुग्णालयें झालीं. तरी त्या डॉक्टर ज्या ग्रंथांतून शिकत, ते ग्रंथ बदलले नव्हते. गर्भाशय आणि त्याचे विकार ह्यांचें एक प्रकरण वेगळें काढलें, म्हणजे उरलेलें शरीर स्त्री-पुरुषांचें सारखेंच, अशी त्या ग्रंथांची धारणा. आणि तें सारखें शरीर म्हणजे पुरुषाचें. वस्तुतः हा भेद नखशिखांत आहे. रक्तांतील लोहद्रव्याचें साधें उदाहरण घ्यावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानें शंभर मिलिलिटर रक्तांत १३ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असेल, तर पुरुषाला पंडुरोग झाला असें मानतात. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठीं हीच मर्यादा १२ ग्रॅमची आहे. हृदयविकाराचा झटका आला असतां छातींत दुखतें, हें बहुतेकांस ठाऊक असतें, आणि स्त्रियांतही तेंच लक्षण प्रमुख असतें; परंतु धाप लागणें, मळमळणें, पाठ किंवा जबडा दुखणें हीं लक्षणें त्यांच्यांत पुरुषांपेक्षां अधिक वेळां दिसतात. तीं पित्तावर किंवा दगदगीवर ढकललीं जातात, आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

औषधांच्या बाबतींत तर हें दुर्लक्ष नियमानेंच झालें. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें १९७७ सालीं अशी सूचना काढली कीं, नव्या औषधाच्या आरंभीच्या चांचण्यांत मूल होण्याच्या वयाच्या स्त्रियांना घेऊं नये. गर्भास अपाय होऊं नये, हा हेतु. आणि तो खोटा नव्हता. परंतु परिणाम असा झाला कीं, औषधाची मात्रा पुरुषांवर ठरली आणि ती घेतली मात्र दोघांनीं. १९९३ सालीं अमेरिकेंत कायदा होऊन सरकारी खर्चाच्या संशोधनांत स्त्रियांचा समावेश सक्तीचा झाला. ह्या चुकीचें एक नमुनेदार उदाहरण झोल्पिडेम ह्या झोपेच्या औषधाचें आहे. स्त्रियांच्या शरीरांतून तें सावकाश बाहेर पडतें, आणि सकाळीं उठल्यावरही त्यांचा मेंदू पुरता जागा झालेला नसतो. औषध अमेरिकेच्या बाजारांत आलें १९९२ सालीं. स्त्रियांसाठीं त्याची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पांचावर आणण्याचा आदेश निघाला २०१३ सालीं. मधलीं वीस वर्षें लाखों स्त्रिया दुप्पट मात्रा घेत होत्या.

हा भेद जाणण्याचा लाभ केवळ स्त्रियांनाच आहे असें नाहीं. रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार आणि रंगांधत्व हीं प्रामुख्यानें पुरुषांच्या वांट्यास येतात. उलट, हाडें ठिसूळ होणें किंवा स्तनाचा कर्करोग होणें, हे स्त्रियांचे रोग असें ठरून गेल्यामुळें, ते पुरुषास झाले असतां उशिरां ओळखले जातात.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर, दोन्ही प्रश्न एकत्र कसे गुंतले आहेत, हें सर्वांत स्पष्ट दाखविलें गडचिरोली जिल्ह्यांतील एका पाहणीनें. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्यांनीं वसा व अमिर्झा ह्या दोन खेड्यांतील सुमारें ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा निष्कर्ष १९८९ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. शंभरांपैकीं ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा एखादा तरी विकार होता. दर स्त्रीमागें विकारांची सरासरी ३.६ होती. आणि पूर्वीं कधींतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरांत अवघ्या आठ. कामा रुग्णालय उघडल्यास तेव्हां शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं. गांवोगांवीं परिचारिका फिरत होत्या, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन ह्यांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. परंतु गरोदर नसलेल्या, शस्त्रक्रियेस पात्र नसलेल्या बाईला काय दुखतें, हें विचारण्याचें काम कोणाकडेच सोंपविलेलें नव्हतें. जो विषय स्त्री-वैद्यकाचा हक्काचा समजला जाई, त्यांतही बाई आई होईल तेवढ्यापुरतीच मोजली गेली होती.

ह्याची दुसरी बाजू २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत उघडकीस आली. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं जात आहेत, अशी ओरड झाल्यावर राज्य शासनानें नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला म्हणजे मजुरी बुडते, वर दंड. फडावर न्हाणीघर नाहीं, स्वच्छ पाणी नाहीं. पोट दुखतें म्हणून डॉक्टराकडे जावें, तर कर्करोगाची भीति. अशा कोंडींत सांपडलेल्या बाईनें पिशवीच काढून टाकण्यास संमति दिली, तर ती संमति कितपत खरी, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा. येथें डॉक्टरानें रोग्याचें स्त्रीत्व ओळखलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें त्यापलीकडे कांहींच ओळखलें नाहीं. हाडें, हृदय, रक्त ह्यांवर अकालीं गर्भाशय आणि बीजकोश काढल्याचे जे परिणाम होतात, ते त्या बाईला पुढें आयुष्यभर भोगावे लागतात.

हा प्रश्न नातेपुत्यास परका नाहीं. नीरेच्या कालव्याचें पाणी आल्यापासून माळशिरस तालुका उसाचा झाला. माळीनगर, अकलूज येथील कारखान्यांची धुराडीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. हंगाम सुरू झाला म्हणजे मराठवाड्यांतून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या पश्चिम महाराष्ट्राच्या ह्या पट्ट्यांत शिवारोशिवारीं पडतात. त्या कोपींतील बाई आपलें गांव सोडून आलेली असते. तिची नोंद गांवच्या परिचारिकेकडे, आणि ती स्वतः दूरच्या फडांत. आषाढांत ह्याच रस्त्यानें हजारों वारकरी स्त्रिया पायीं जातात. त्यांनाही पाळी येते, त्यांनाही आडोसा लागतो, त्यांतल्या कित्येकींना पंडुरोग असतो. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांतील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांना तो आहे, आणि त्याच वयाच्या पुरुषांत शेंकडा २५ जणांना. अलीकडच्या वर्षांत राज्य महिला आयोगानें वारीच्या वाटेवर स्त्रियांच्या ह्या गरजांसाठीं ‘आरोग्य वारी’ हा उपक्रम सुरू केला. शतकानुशतकें चालत आलेल्या वाटेवर ही सोय होण्यास इतका काळ लागावा, ह्यांतच मागील इतिहासाचें सार आहे.

तात्पर्य, रमाबाई आणि आनंदीबाई ह्यांनीं मागितलें तें मिळालें, आणि तें थोडें नव्हे. आज डॉक्टर स्त्रिया जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. परंतु स्त्री-डॉक्टर नेमली म्हणजे स्त्री-रोग्याचें काम संपलें, ही समजूत आतां सोडली पाहिजे. तपासणाऱ्यानें रोग्याचा संकोच राखावा. औषधाची मात्रा, रक्ताचें माप आणि रोगाचीं लक्षणें ठरवितांना तो पुरुष आहे कीं स्त्री हें पाहावें. आणि स्त्रीला केवळ होणारी किंवा झालेली आई न समजतां, हृदय, हाडें, रक्त, मन असलेलें संपूर्ण माणूस म्हणून तपासावें. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्या घरच्या डॉक्टरास एवढे प्रश्न विचारण्याची संवय ठेविली, तर दवाखान्याच्या पद्धतींत हळूहळू फरक पडेल. आणि शहरांत रूढ झालेली पद्धति, डफरीन ह्या नांवाप्रमाणें, उशिरां कां होईना, सोलापूरपर्यंत आणि तेथून नातेपुत्यापर्यंत पोंचतेच.